गाढवासाठी उभा राहिलो

मुलीच्या पॉटरी क्लासमध्ये ओल्या मातीचा वास आला, की लंडनच्या ईलिंग भागातली एक रविवारची दुपार आठवते. मित्राच्या फ्लॅटवर आम्ही पाचसहा मराठी जण एका गाढवाच्या आयुष्यावरचा जुना फ्रेंच सिनेमा बघत होतो. गाढवाला मार बसला की सगळे हसायचे. "बोअर आहे यार, हिंदी लावू," म्हणत मित्रानं रिमोट उचलला. तोवर मी तिथं कुणाला घरचं सांगितलं नव्हतं, पण आता बोललोच, "बंद करायचा नाही! अशाच गाढवांवर माती वाहून, मडकी विकून बापानं मला शिकवलं. आमच्याकडे त्यांचाही पोळा असतो, आई ओवाळते त्यांना." रिमोट खाली गेला. शेवटी गाढव मेलं, तेव्हा मी एकटाच उठून उभा राहिलो. आज मुलीला हे सगळं ठाऊक आहे. हसायचं त्यानं खुशाल हसावं.