मामांची धावपट्टी

पुण्यात हताश माणसांना तोटा नाही. पण हताशपणा इतक्या नेटाने, नेमून दिलेल्या कामासारखा पार पाडणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज दुसरा झाला नसेल. सकाळी नळाला पाणी आलं की ते म्हणायचे, "जाईल." आणि ते जाणारच असं धरून घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवायचे. माझ्या लग्नात पहिली पंगत बसते न बसते तोच मला कोपऱ्यात नेऊन म्हणाले, "जिलबी संपणार आहे. तुमच्यापुरती काढून ठेवलीय." ती जिलबी आम्ही पुढे आठवडाभर खात होतो.

मामा एका कारखान्यात मेन्टेनन्स खात्यात होते. बाहेरचा स्वस्त माल येऊ लागला तसा तो कारखाना आधी एका पाळीवर आला आणि मग बंदच पडला. नवा भागीदार मिळेपर्यंत यंत्रं सांभाळायला मालकाने मामांचं खातं तेवढं ठेवलं. मामा रोज नारायण पेठेतून स्कूटर काढत, न चालणाऱ्या यंत्रांना तेलपाणी करत आणि संध्याकाळी परत येत. भागीदार येईल का, असं विचारलं की म्हणत, "कोण कशाला येतंय मरायला? पण आलाच, आणि यंत्र गंजलेलं दिसलं, तर लाज कुणाची जायची?"

मी तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये नवा होतो. कंपनीने अमेरिकेला धाडलं, तिथून येताना मामांना विरंगुळा म्हणून युद्धाचा एक खेळ आणला. पॅसिफिकमधल्या एका बेटाचा पट, त्यावर विमानतळ. एकाने जंगलातून हल्ला करायचा, दुसऱ्याने विमानतळ राखायचा. रविवारी जेवणाच्या टेबलावर पट मांडला जाई, आणि मामी ताट मांडीवर घेऊन जेवत. "अहो, हरणारच आहात तर लवकर हरा," त्या म्हणत, "मला टेबल पुसायचंय."

राखणारे नेहमी मामाच. दुसरा कुणी खंदक खणेल, तोफा वळवेल. मामा प्रत्येक पाळीला धावपट्टी दुरुस्त करत. मी बॉम्ब टाकून खड्डे पाडायचे, त्यांनी ते बुजवायचे.

"मामा, अहो गोळ्या झाडा! मी कुंपणाशी आलोय."

"या की. चपला बाहेर काढून या. पट्टी चालू राहिली पाहिजे."

पट्टी चालू असली आणि फाशावर सहा पडले, तर एक विमान उतरू शके. सहा कधी पडत नसत. माझी माणसं त्या गुळगुळीत पट्टीवरून रमतगमत चालत येत आणि जिंकत. "ठेचसुद्धा लागली नसेल तुमच्या लोकांना," असं म्हणत मामा पुठ्ठ्याच्या सोंगट्या डब्यात भरत.

मग कारखान्याची जागा विकली गेली. तिथे आयटी पार्क होणार होता. यंत्रं भंगारात जाणार होती. त्या आठवड्यात मामा पहिल्यांदाच माझ्या ऑफिसात आले, काचेच्या दारापाशी अवघडून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या खात्यातली पोरं हाताला चांगली आहेत. तुमच्या जनरेटरला, एसीला माणसं लागत असतील ना?" लागत होती. मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"शेवटी किल्ल्या द्यायला कुणीतरी हवंच की तिथे."

त्या रविवारी पट मांडला. माझी फौज कुंपणापर्यंत आली होती, मामांची पट्टी नेहमीसारखी साफ होती. त्यांनी फासा टाकला आणि सहा पडले. मी आनंदाने ओरडलोच. विमानातून कुमक आणता येत होती. ती आणली तर मामा जिंकत होते. नाहीतर त्याच विमानातून आपली माणसं बाहेर काढायची मुभा होती. मामांनी चष्मा पुसला, आणि आपल्या सोंगट्या एकेक करून विमानात बसवायला सुरुवात केली. दुरुस्तीवाल्यांची सोंगटी तेवढी पट्टीवर राहिली.

"हीही घ्या ना मामा, जागा आहे."

"विमान उडेपर्यंत पट्टी कोण बघणार?"

त्यांनी विमान उचलून पटाबाहेर, डब्याच्या झाकणात ठेवलं. बेटावर ती एक सोंगटी आणि चहूबाजूंनी माझं सैन्य. मला फार वाईट वाटत होतं. मामी ओला फडका घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या, पण आज त्यांनीही घाई केली नाही.

"खेळा, जावईबापू," मामा म्हणाले. "पाळी तुमची आहे."