रडून दाखव

"उभी राहा बाई. त्या सिनेमातल्या बाईसारखं रडून दाखव."

सर माइकवरून माझ्या मायला म्हणाले. सौंसरच्या कॉलेजात मराठीचे विभागप्रमुख. मी त्यांच्या हाताखाली तात्पुरती लेक्चरर. सिनेमातल्या खेड्यावर त्यांच्याच मार्गदर्शनात पीएच.डी. करून राहिली होती. नागपूरहून भाड्याचा प्रोजेक्टर आणून हॉलमध्ये नुकताच एक सिनेमा दाखवला होता. त्यात शेतमजूर बाईचं पोर मरते. माय बोरगावहून पहिल्यांदाच आली होती, पोरगी काय शिकवते ते पाहायला. मागं भिंतीला टेकून बसलेली.

"ही आमच्या मॅडमची आई. बौद्ध वस्तीतली. संत्र्याच्या तोडीला जाते. अस्सल नमुना."

मला अहो-जाहो. मायला अगं-तुगं.

हॉल हसला. माय उठली. डोक्यावर पदर घेतला. मी दुरून मान हलवली, नको म्हणून. तिनं तोवर सुरू केलं होतं.

आधी खोटं रडली. मग आवाज बदलला.

"मुन्ना रे."

मुन्ना माझा लहाना भाऊ. मालकाच्या बागेत झाडाखाली निजवला होता, तापानं तिथंच गेला. मालक म्हणाला होता, आधी तोड संपव. माय घरी कधी रडली नाही. तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी स्टेजवर चढली. सरांच्या हातातला माइक घेतला.

"टाळ्या बंद करा. तिचं पोर खरंच मेलं आहे."

सर हळूच म्हणाले, "मॅडम, पर्मनंट व्हायचं आहे ना?"

"तुमच्या हाताखाली नाही."

बसस्टँडवर माय म्हणाली, "तुही नोकरी जाईन म्हनून रडली मी, बाई. मंग थांबताच नाही आलं."

नोकरी गेलीच. प्रबंधावर सरांनी सही केली नाही. नागपूरला दुसऱ्या मार्गदर्शकाकडे मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आज सिनेमा अन् साहित्य शिकवते. माय जाऊन वर्षं झाली. अजूनही अंधाऱ्या हॉलमध्ये पडद्यावरची बाई रडायला लागली की मला मुन्नाचं नाव ऐकू येते.

तेव्हा मी पडद्याकडे पाहत नाही. मागं वळते अन् पाहणाऱ्यांची तोंडं पाहते. कोण रुमाल काढते, कोणाला मजा येते, कोण टाळीसाठी हात उचलते. आमच्या रडण्याचा अभ्यास त्यांनी खूप केला. आता त्यांचा मी करणार. अन् एकालाही सोडणार नाही.