मागून दुमडलेली कॉलर

नाशिकच्या थंडीत संध्याकाळी बसच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई उभी होती. पांढरा शर्ट, त्यावर मोरपंखी स्वेटर, वर करडं जाकीट आणि एका खांद्यावर सैल सोडलेला स्टोल. एकावर एक किती निगुतीनं चढवलेलं! फक्त शर्टाची कॉलर मागून आत दुमडली होती. आरशात पाठ दिसत नाही. ती बघायला घरात दुसरं माणूस लागतं.

"ताई, कॉलर," म्हणत मी ती सरळ केली.

"अय्या, सकाळपासून अशीच फिरतेय!" ती हसली आणि पुन्हा पुढे बघू लागली.

घरी येऊन मी शाल काढली. लाँड्रीच्या नंबराची चिठ्ठी पाठीवर तशीच लटकत होती. रांगेत शेवटची मीच होते. माझ्या मागे कुणी नव्हतं.