परबकाकांची हाक

आमच्या मजल्यावर कुणाच्या बरणीचं झाकण अडकलं की ती परबकाकांकडे जायची. साकीनाक्याच्या गाळ्यात उभा जन्म लेथ मशीनवर काढलेले त्यांचे हात. "हाड हयसर," म्हणत बरणी मागून घ्यायचे आणि एका पिळात झाकण मोकळं करायचे. बरणी मात्र लगेच परत मिळत नसे. "लोणचा कसला? घातला कोणी?" अशा चौकशा करत ते आलेल्या माणसाला थांबवून घेत. काकी गेल्यापासून अंधेरीच्या त्या खोलीत ते एकटेच होते. मुलगा बंगळुरूला. त्याचा फोन आला की काकांचं एकच उत्तर, "माका काय धाड भरली हा? मी बरो आसंय."

त्या उन्हाळ्यात त्यांचं पोट बिघडलं. जुलाब थांबेनात, पोटात चहा आणि पेज एवढंच. रक्तदाबाची, लघवी जास्त करवणारी गोळी मात्र नेमाने चालू. यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.

एका सकाळी मी बरणी घेऊन गेले. बेल वाजवून "काका" म्हटलं तर आतून आवाज आला, "शुभा, दार उघडाक जमना नाय गो." त्यांची एक किल्ली आमच्याकडे असे. दार उघडलं तर काका पलंगाशी जमिनीवर. शुद्धीत होते, बोलत होते, पण पाय हलत नव्हते. हात धरला तर मूठ मिटेना. पहाटेपासून ते तसेच पडून होते.

मला वाटलं, लकवा. हॉस्पिटलात छातीला तारा लावल्यावर डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. ठोके मधेच अडखळत होते. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्या म्हणाल्या, "पोटॅशियम फारच खाली गेलंय. जुलाबातून गेलं, गोळीने आणखी गेलं. त्याच्याशिवाय स्नायू हलत नाहीत, आणि हृदयही स्नायूच ना! उशीर झाला असता तर थांबलं असतं." सलाईनमधून सावकाश पोटॅशियम जात राहिलं. दुसऱ्या दिवशी काकांनी पाय जवळ ओढून घेतला आणि माझ्याकडे बघून हसले.

तेव्हा कुठे मला राग आला. "भिंतीपलीकडे आम्ही होतो. हाक मारायची ना, काका!"

काका म्हणाले, "तोंडापर्यंत इली व्हती गो. पण घरात कोण नाय, हाक मारूची सवयच गेली. नाव कोणाचा घेवचा, ताच सुचला नाय."

मुलगा आला, राहिला, गेला. गोळी बदलली. काका हिंडूफिरू लागले. आणि एका सकाळी मी कणीक मळत असताना गॅलरीतून आवाज आला, "शुभा गो!" पिठाच्या हातांनीच धावले.

"काय झालं?"

"काय नाय. हाक मारून बघतंय."

मग ते रोजचंच झालं. आधी मी वैतागायचे. नंतर धावणं सोडून आतूनच ओ देऊ लागले. तेवढ्याने त्यांचं भागत असे.

गेल्या वर्षी मुलाने त्यांना कायमचं बंगळुरूला नेलं. परवा सकाळी त्याचा फोन आला. "बाबा बाल्कनीत उभे राहून तुला हाका मारतात गं. आत्ताही मारताहेत. कितीदा सांगितलं, शुभा इथे नाही म्हणून."

"फोन त्यांच्या कानाला लाव," मी म्हटलं. आणि पोळपाट बाजूला सारून मोठ्याने ओ दिली.