उंबऱ्याबाहेरची मुन्नी

पुण्याहून येऊन बार्शीच्या स्टँडवर मी घडीचा पिंजरा घेऊन भूमच्या एसटीत चढले, तेव्हा कंडक्टरनं आधी पिंजऱ्याकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"कोंबड्या आणाय चाललाव का?"

"नाही, एक कुत्री आणायचीय. कॅनडाला जायचीय ती."

"घ्या. भूमचं कुत्रं कॅनडाला, अन् आमी अजून पुणं बघितलं न्हाय," असं म्हणत त्यानं तिकीट हातात दिलं. मागच्या बाकावर हशा पिकला. पिंजरा मात्र त्यानंच उचलून ड्रायव्हरच्या मागं नीट लावून दिला.

माझं लहानपण भूमला गेलं. वडील तिथं बँकेत होते. खिडकीबाहेर तेच उघडे माळ आणि त्याच बाभळी होत्या. पण गाव जवळ आलं हे मला डोळे मिटूनही कळलं असतं, कारण खव्याच्या भट्ट्यांचा वास आधी येतो. शाळा सुटली की आम्ही पोरं भट्टीवर खरवड (कढईला चिकटलेला खव्याचा करपट थर) मागायला उभी राहायचो. स्टँडवर उतरल्या उतरल्या मी खवा घेतला. त्या कुत्रीसाठी, मुन्नीसाठी म्हणून घेतला आणि चालता चालता निम्मा मीच संपवला. या वयात तो पचत नाही, हे पोटानं दुपारी कळवलं.

मुन्नीला कुणीतरी गळ्यातल्या पट्ट्यासकट याच स्टँडवर सोडून दिलं होतं. आमच्या जुन्या शेजारीण खैरुनचाची तिला घरी घेऊन गेल्या आणि त्यांनी मला फोन केला. पुण्याच्या ज्या संस्थेसाठी मी टाकून दिलेली कुत्री सांभाळते, तिनं कॅनडातल्या एका एकट्या राहणाऱ्या बाईंशी मुन्नीचं जमवून दिलं. कागदपत्रं होईपर्यंत मुन्नी चाचींकडंच राहिली.

चाचींच्या दारात चपला काढल्या आणि मी तिथंच थबकले. लहानपणी या घरात मी वाऱ्यासारखी शिरायचे. आता पाहुण्यासारखं अवघडायला झालं. आतून हाक आली, "आजा गे, तेराच घर है." सगळ्या पोरांना त्या अशाच बोलवायच्या. मला रडू आलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

चाची थकल्यात. चाचा गेले, मुलं सोलापूरला. अंगणात तांबूस रंगाची, एक कान पडलेली मुन्नी त्यांच्या मागं मागं फिरत होती.

"थांब, तुला गंमत दावते," म्हणत चाचींनी भाकरीचा तुकडा उंबऱ्याच्या आत ठेवला. मुन्नी धावत आली आणि उंबऱ्याशी थांबली. लाळ गळत होती, पण पाय काही आत पडला नाही.

"लई गुणाची हाय," चाची कौतुकानं म्हणाल्या. "जीव गेला तरी आत यायची न्हाय. म्या शिकवलंय."

'चांगल्या सवयी लावा' एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. कुत्र्याची चांगली सवय म्हणजे उंबऱ्याबाहेर राहणं, हे भूममध्ये वाढलेल्या मला वेगळं सांगायला नको होतं. माझ्या आईनंही तेच शिकवलं असतं. पण कॅनडातल्या बाई चौथ्या मजल्यावर राहतात, आणि बाहेर बर्फ. मुन्नी घरात निवांत वावरतेय असा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गेला नाही, तर तिची जागा दुसऱ्या कुत्र्याला मिळणार होती.

हे मी सांगितलं तसा चाचींचा चेहरा उतरला. "म्हंजी म्या उलटंच शिकवलं की गं."

मी खवा दाखवला, दोरीनं ओढलं, लाडीगोडी लावली. मुन्नी अंग चोरून मागं सरकत होती. चाची कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. मग उठल्या. जानमाज (नमाजाची चटई) त्यांनी आतल्या खोलीत खुंटीवर नेऊन ठेवली आणि बाहेरच्या खोलीत दाराकडं पाठ करून शेंगा फोडायला बसल्या.

"तू बघू नगं तिच्याकडं. न्हाय म्या म्हणलं हुतं, आता व्हय बी मलाच म्हणावं लागंल." आणि मान न वळवता, हळूच, "आजा गे मुन्नी, तेराच घर है."

एक पाय आत आला आणि मागं गेला. चाची शेंगा फोडत राहिल्या. मग पुन्हा तो पाय आला, दुसरा आला, आणि मुन्नी जमिनीला पोट घासत त्यांच्या मांडीपाशी येऊन पडली. मी मोबाइलवर सगळं टिपत होते. चाचींचा हात तिच्या डोक्यावर गेला.

"आत घेतली अन् सकाळी धाडायची," त्या म्हणाल्या. मी व्हिडिओ पाठवून दिला.

सकाळी भाड्याच्या जीपमध्ये पिंजरा चढवला. चाची निरोपाला रस्त्यापर्यंत आल्या नाहीत, दारातूनच परतल्या. पुण्यात माझ्या फ्लॅटच्या दाराशी मुन्नी पुन्हा अडली. माझ्या हाकेला तिनं दाद दिली नाही. शेवटी चाचींना फोन लावला, स्पीकरवर त्यांचा आवाज आला, तेव्हा ती आत शिरली. मग तो आवाज रेकॉर्ड करून मी कॅनडालाही पाठवून दिला.

परवा तिकडून व्हिडिओ आला. मुन्नीच्या अंगात लाल स्वेटर, पायाला बर्फ. दार उघडतं, ती उंबऱ्याशी थांबते, बाई बोबड्या बोलात म्हणतात, "आजा गे," आणि ती आत जाते. आजवर मी इतक्या घरांत राहिले, त्यांच्या किल्ल्या बाळगल्या, पण कुणी असं आत बोलवावं म्हणून मला भूमलाच जावं लागलं, असं तेव्हा वाटून गेलं.

व्हिडिओ चाचींना पाठवला. जरा वेळानं त्यांचा फोन आला.

"बाई चांगली हाय गं. पर तिनं निम्मंच म्हणलं. 'तेराच घर है' म्हणली न्हाय. तेवढं शिकीव तिला."