टाळ्यांचं वाक्य

वक्तृत्व स्पर्धेचं भाषण विद्यार्थी लिहितात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात येऊन जावं. भाषण आम्ही शिक्षक लिहितो, पोरं पाठ करतात आणि चषक प्राचार्यांच्या कपाटात जातो. मी तत्त्वज्ञान शिकवते, म्हणून गेल्या वर्षी ‘विचारस्वातंत्र्य’ हा विषय माझ्याच गळ्यात पडला. मी सगळं घातलं: प्रश्न विचारतो म्हणून विषाचा प्याला दिलेला ग्रीक म्हातारा, पृथ्वी फिरते म्हणाल्याबद्दल गुडघे टेकायला लावलेला शास्त्रज्ञ, एकट्याचंही मत दाबू नये म्हणणारा इंग्रज. शेवटी परीक्षकांसाठी हमखास टाळ्यांचं वाक्य: ‘पण स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे!’

माझी स्पर्धक मंद्रूपची, कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी. इंग्रजापर्यंत घडाघडा बोलली आणि थांबली. मला वाटलं, विसरली. तर म्हणाली, “आमच्या वसतिगृहात न्हाणीला दोन महिनं कडी न्हाय. एक आत गेली की दुसरीनं भाईर दार धरून उभं ऱ्हायाचं. तीनदा अर्ज दिला. ह्ये बोलायचं तर कुटं बोलायचं?”

मुलींनी सभागृह डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. “पाहुण्यांसमोर अब्रू काढली. संध्याकाळपर्यंत तिचा माफीनामा द्या, नाहीतर खोली रिकामी करायला सांगा. आणि मॅडम, मला दाखवलेल्या भाषणाच्या शेवटी ‘स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे’, हे तुम्हीच लिहिलंय ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कडी मागणं हा स्वैराचार? जगातले शहाणे शतकानुशतकं ज्यावर भांडले, ते या माणसानं माझ्याच वाक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. विष पाजणाऱ्यांकडेही असलंच एखादं ‘पण’ असणार, हे त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं. पण मी तासिका तत्त्वावरची. पुढच्या वर्षीची नेमणूक त्यांच्या हातात. “बरं सर,” मी म्हणाले. घ्या, ही माझी विद्वत्ता!

माफीनामा मीच लिहिला. स्वतःच्या तोंडावर थुंकावं इतका सुंदर लिहिला.

तिनं तो दोनदा वाचला. वसतिगृहातून काढलं तर घरचे शिक्षणच बंद करतील, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. रडली नाही. म्हणाली, “मॅडम, भाषण तुमचं, माफी बी तुमचीच. मग सही बी तुमीच करा की.”

मी पेन तिच्या हातात दिलं आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं.