पुढच्या चाकातली सुतळी

दाजी गेल्याची तार साताऱ्याला माझ्या कचेरीत आली. डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं ते असं, की आता ते कुणालाच सांगणार नाहीत… त्या सुटकेची मला अजून लाज वाटते.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. पलटणीतून पेन्शनीत निघून सांगलीला विश्रामबागेत राहिलेले. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडेच होतो. मोटारसायकल त्यांनी कधी मिस्त्रीकडे नेली नाही. रविवारी अंगणात पोतं अंथरायचं, गाडी खोलायची आणि एकेक भाग रॉकेलने धुऊन ओळीत मांडायचा. मध्ये कुणी बोललेलं खपत नसे. चौऱ्याहत्तर सालच्या खंडेनवमीला पुढचं चाक असंच खोलून बसवलं, मग पूजा करून हँडलखाली झेंडूचा हार बांधला. दसरा उलटल्यावर मला म्हणाले, हार सुतळीसकट काढ आणि कृष्णेत सोडून ये. गाठ घट्ट बसली होती. मी फुलं तेवढी ओरबाडून पिशवीत भरली, सुतळी तशीच लोंबती ठेवली. दुसऱ्या दिवशी आक्काला मागे बसवून बाजाराला निघालो, तर वळणावर पुढचं चाक एकाएकी अडकलं. मला नुसतं खरचटलं. आक्काचा उजवा हात कोपरात मोडला, तो पुन्हा कधी सरळ झाला नाही.

सणाला आलेली आमची आई दाजींवर भडकली. "पाव्हणं, घरात कसली ही मिस्त्रीगिरी? माज्या लेकीचा हात गेला." दाजींनी पोतं अंथरलं आणि गाडी खोलायला घेतली. पान्हे मी देत होतो. आई पायरीवरून बघत होती, आतून आक्काचं कण्हणं ऐकू येत होतं. काय निघणार हे मला एव्हाना कळून चुकलं होतं. चाक निघालं… ग्रीसने काळी झालेली सुतळी आसाला गच्च गुंडाळली होती, गाठीत झेंडूचा देठसुद्धा. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून हातातला पान्हा पुसू लागलो. त्यांनी सुतळी फडक्यात घेतली, मूठ मिटली आणि आईला म्हणाले, "चाक मीच लय आवळलं व्हतं. चूक माजी हाय."

आई पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. मी मात्र तिथेच दोन वर्षं जेवलो, पदवी घेतली, नोकरीला लागलो. दर खेपेला ठरवायचो, आज सांगायचंच. दाजींनी एकदाही विषय काढला नाही, आणि त्याचाच मला धाक वाटायचा.

दाजींचं तेरावं झाल्यावर आक्काने हत्यारांची पेटी पुढ्यात ठेवली. गाडी तूच वापर म्हणाली. तळाशी तंबाखूची डबी होती. तिने डाव्या हाताने ती उघडली. "ही कसली सुतळी रं, दत्ता? एवढी जपून ठिवलीया."

सांगितलं. सगळं. आक्काने आपल्या वाकड्या कोपरावरून हात फिरवला.

"पाच वर्सं मी त्यास्नीच बोल लावला रं," ती म्हणाली. मग डबी मिटून पदराखाली घेतली. "हत्यारं ने. ही हितंच ऱ्हाऊ दे."

गाडी आता साताऱ्याला आहे. रविवारी मी पोतं अंथरतो, पेटी उघडतो, पण पुढच्या चाकाला हात लावायचा धीर होत नाही.